तिरकं माप

माझं नाव गुणवंत. बाबांनी ठेवलं. पाळण्यातच माणसाची थट्टा कशी करून ठेवतात, ते माझ्याकडे बघून कळेल.

बाबांचं भाईंदर पश्चिमेला फोटो फ्रेमचं दुकान. उत्तनहून येशू यायचे, राईहून वारलेले आजोबा यायचे, आमच्या नवघर रोडवरून दहावीला नव्वद टक्के पाडलेली कार्टी यायची. बाबा सगळ्यांना काचेमागे बसवायचे. पस्तीस वर्षांत एक फ्रेम वाकडी गेली नाही असं ते स्वतःच सांगत सुटायचे, आणि ते खरं होतं. कानामागे पेन्सिल, शर्टाच्या खिशात स्टीलचा टेप. आडवं माप आधी, मग उभं. तिरकं माप घ्यायचं ते फ्रेम जोडून झाल्यावर. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही सारखी आली तर फ्रेम काटकोनात. "तिरकं माप हे चूक शोधायचं माप," बाबा म्हणायचे. "माल कुणी तिरका मोजत नाही."

बारावीनंतर मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. बाबा म्हणाले, "चित्रं काढून पुढे काय? फ्रेमा ठोकणार? त्या मी ठोकतोच आहे." आणि मला सहा महिन्यांच्या डीटीपीच्या क्लासला घातलं. झालं. तेव्हापासून मी स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत लग्नाचे अल्बम बनवतोय. नवऱ्याच्या मागे ताजमहाल, नवरीच्या मागे धबधबा. नवरी कशीही असो, धबधबा तोच.

नीलम माझ्याहून सात वर्षांनी लहान. शाळा सुटली की ती माझ्या स्टुडिओत येऊन स्टुलाच्या बाजूला उभी राहायची. तिला अक्षरांचं वेड. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, एसटीवरचं गावाचं नाव, काहीही दिसलं की वहीत उतरवायची. कॉम्प्युटरही मीच शिकवला तिला. आमच्या स्टुडिओतला माऊस कायम मेलेला असायचा, म्हणून मी सगळं कीबोर्डवरच करायचो आणि तिलाही तसंच दामटून शिकवलं. "माऊसला हात लावलास तर बोटांवर पट्टी मारीन. ओके म्हणजे काय?" "एंटर!" "जोरात." "एंटर!" सहावीत होती तेव्हा. "अरे दादा, तू किती फास्ट करतोस रे," म्हणायची. आमच्या घरात बाबांना आणि परक्या माणसांना तुम्ही. मी आणि आई, आम्ही तू.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात तिला डिझाइनच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. बाबांनी मजल्यावरच्या चारही घरांत पेढे वाटले. ज्या बाबांना चित्रं म्हणजे रिकामटेकडेपणा वाटायचा, त्याच बाबांनी. शेजारच्या मनोरमा मावशींना सांगत होते, "अक्षरांचं शिकणार आहे आमची नीलम. त्यात फार स्कोप आहे." स्कोप! हा शब्द त्यांना कुणी शिकवला देव जाणे. मी पेढा खाल्ला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. पेढ्याने नव्हे, ते मला तेव्हाही कळत होतं.

कॉलेजचं पत्र इंग्रजीत. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. पहिला महिना सगळ्यांना एकत्र शिकवणार, मग तीन तासांची परीक्षा, प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर द्यायची. पहिले वीस अक्षरांच्या वर्गाला. उरलेले, जिथे जागा असेल तिथे. आणि खाली, लॅपटॉप स्वतःचा हवा, स्क्रीन शक्यतो पंधरा इंच किंवा त्याहून मोठी.

"दादा, मी विसात येईन ना रे?" नीलमने विचारलं. तिला दुसरं काही नकोच होतं. अक्षरांचा वर्ग नाही मिळाला तर कॉलेजला गेले काय न गेले काय, असं ती महिनाभर आईला ऐकवत होती.

"येशील की," मी म्हणालो.

पैशांचा विषय काढू नका, तो प्रश्न नव्हता. बाबांनी पंधरा इंचीची तयारी ठेवली होती. त्यांना चिंता होती ती मापाची. "पंधरा म्हणजे पंधरा ना रे? ही दुकानदार जात लबाड. आपल्याकडे बारा-पंधराची फ्रेम सांगितली तर आपण बारा-पंधराचीच देतो."

आता बघा. मी रोज आठ तास स्क्रीनसमोर बसणारा माणूस. स्क्रीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात हे मला माहीत नव्हतं होय? आमच्या घरातही एकवीस इंची टीव्ही होता. बाबांनी तो कधी मोजला नव्हता, कारण टीव्हीला कुणी फ्रेम करत नाही. एक वाक्य बोलायचं होतं मला. एकच. "बाबा, ते माप तिरकं असतं."

"मोजून घ्या ना बाबा," मी म्हणालो. "तुमचा टेप आहे की. तुमचं माप कोण खोटं पाडणार?"

बाबांनी खिशावरून हात फिरवला आणि खूश झाले.

रविवारी आम्ही तिघं मीरा रोडला गेलो. मोठं दुकान, एसी, काचेचा दरवाजा, ओळीने उघडून ठेवलेले लॅपटॉप. नीलम एकासमोर जाऊन उभी राहिली. पंधरा पॉइंट चार. स्क्रीनवर कुठल्याशा डोंगराचं चित्र होतं, तिला डोंगराशी काही देणंघेणं नव्हतं. तिने कळफलकावर नुसती बोटं ठेवली आणि माझ्याकडे बघून हसली. "हाच घेऊया ना रे दादा."

बाबांनी टेप काढला.

दुकानातला पोऱ्या म्हणाला, "अंकल, क्या कर रहे हो?" बाबांनी उत्तर दिलं नाही. काम चालू असताना ते बोलत नाहीत. टेपची जीभ डाव्या कडेला अडकवली, उजवीकडे ओढली, चष्मा वर करून डोळा जवळ नेला. तेरा. पुन्हा मोजलं. जेमतेम तेरा. मग उभं मोजलं, आठ आणि एक सूत.

"तेरा है," बाबा म्हणाले. "लिखा है पंधरा पॉइंट चार. दो इंच किधर गया?"

काउंटरवरचा मालक उठून आला. गुजराती माणूस, आवाज गोड. "काका, ये साइज ऐसे नहीं नापते."

"मेरे को नापना मत सिखाव. पस्तीस साल से नापता है मैं. दो इंच खाया तुमने. चोरी है ये."

चोरी हा शब्द त्यांनी जरा मोठ्याने उच्चारला. दुकानातली सगळी माणसं वळली. नीलम म्हणाली, "बाबा..." मी तिचा हात दाबला. म्हटलं, बोलू दे त्यांना. एक माणूस तरी त्यांना सांगू दे की तुम्हाला कळत नाही.

मालकाने तोच टेप बाबांच्या हातातून अलगद घेतला. खालच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवला, वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत नेला आणि बाबांच्या नाकासमोर धरला. पंधरा पॉइंट चार. "कोने से कोने तक, काका. पूरी दुनिया में ऐसे ही नापते हैं." बाजूला कॉलेजची पोरं उभी होती, त्यातला एक म्हणाला, "अंकल, टीव्ही भी लेके आओ, वो भी नाप लेते हैं." सगळे हसले. मालकाला हसायचं नव्हतं, पण त्यालाही आवरलं नाही.

बाबा माझ्याकडे वळले. "गुणवंत, खरं हे?"

"हो बाबा," मी म्हणालो. "सगळ्यांना माहीत असतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात त्यांचा होता आणि दाखवायला मी लावला होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. बाबांनी टेपचं बटण दाबलं, तो सटकन आत गेला, आणि ते दरवाजाकडे चालायला लागले. काचेचा दरवाजा ओढायचा होता, ते ढकलत राहिले. शेवटी पोऱ्याने येऊन उघडून दिला.

परत रिक्षाने निघालो. गोल्डन नेस्टचा सिग्नल लागला तेव्हा बाबा म्हणाले, "मला आता या वयात असल्या दुकानांत नेऊ नका. गुणवंत, तूच काय तो घे. तुला कळतं त्यातलं." सुंठीवाचून खोकला गेला. मी विचार केला होता की नुसती त्यांची जिरवावी. सगळा निकाल माझ्या हातात येऊन पडेल असं माझ्याही डोक्यात नव्हतं. पण पडला, आणि मग मला तो सोडवेना.

त्या वर्षी ते छोटे लॅपटॉप नवीन आले होते. दहा इंची. वहीएवढे, बघून कुणालाही लाड करावेसे वाटावेत असे. मी तो घेऊन आलो.

नीलमने खोकं उघडलं, लॅपटॉप बाहेर काढला. मग म्हणाली, "अरे दादा, हा दहाचा आहे."

"अगं, शक्यतो पंधरा असं लिहिलंय. शक्यतो म्हणजे काय? सक्ती नाही. तो मोठा धोंडा रोज खांद्यावर वाहून नेणार आहेस का? विरारहून भरून येणाऱ्या गाडीत?"

"पण सॉफ्टवेअर चालेल ना?"

"चालेल."

चालत होतं. मी खोटं बोललो नाही. चालणं वेगळं आणि काम करता येणं वेगळं, एवढंच. ती बिचारी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझ्या तोंडचा शब्द तिने लहानपणापासून खराच धरलेला. "बरं," म्हणाली. "तू म्हणतोस तर." आईला लॅपटॉप फार आवडला. म्हणाली, पोळपाटापेक्षा लहान आहे गं, कुठेही मावेल. बाबांनी दुरूनच पाहिला. टेप काढला नाही. त्या रविवारपासून दुकानातही ते एकेक फ्रेम दोनदोनदा मोजायला लागले होते. एकदा मला बोलावून म्हणाले, "जरा बघ रे, काटकोनात आहे ना?" पस्तीस वर्षं ज्याने कुणाला विचारलं नाही, तो माणूस. मी बघितलं आणि म्हणालो, "ठीक वाटतेय." ठीक वाटतेय! एकदम बिनचूक होती.

महिनाभर कॉलेजात मोठ्या मशीनवर शिकवलं. घरी ती दहा इंचाला नाक लावून बसायची. डोळे लाल व्हायचे, पण तक्रार नाही. तिने क हे अक्षर चाळीस तऱ्हांनी काढलं होतं. मी एकदा मागून पाहिलं. चांगलं होतं. माझ्याच्याने कधी निघालं नसतं इतकं चांगलं होतं, आणि हे कळण्याइतपत गुण माझ्यात होता, तेच तर दुखणं.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी परीक्षा. दहा ते एक. एकला दहा मिनिटं कमी असताना माझा मोबाइल वाजला. मी स्टुडिओत एका नवरीला धबधब्यासमोर बसवत होतो.

"दादा, अरे ओके दिसत नाहीये!" ती कुजबुजत होती. बाहेर पॅसेजमध्ये आली असावी.

"काय?"

"फाइल द्यायची आहे ना शेवटची, तर एक लांबलचक चौकट उघडते. सगळं भरलं मी. खाली ओकेचं बटण असतं, कॉलेजच्या मशीनवर दिसतं, इथे ते स्क्रीनच्या खालीच गेलंय. चौकट वर सरकत नाही, लहान होत नाही. बटण दिसतच नाही तर दाबू कुठे? बंद केलं तर सगळं परत भरावं लागेल. आठ मिनिटं राहिलीत रे. काय करू?"

घाबरली होती. घाबरलं की माणसाला येत असलेलंही आठवत नाही.

माझं बोट तेव्हा एंटरवरच होतं. देवाशपथ सांगतो, एंटरवरच. नवरी जागेवर बसली होती, फक्त दाबायचं बाकी होतं. बटण दिसो न दिसो, ओके म्हणजे एंटर. हे या जगात तिला शिकवलं कुणी असेल तर मी. एक शब्द बोलायचा होता.

मला काय झालं होतं म्हणून विचाराल, तर काही झालं नव्हतं. डोकं ठिकाणावर होतं. मला दिसत होतं की ही विसात येणार. विसात काय, पहिली येणार. मग अक्षरांचा वर्ग, मग नोकरी, मग बाबा तिचं नाव फ्रेम करून दुकानात लावणार, आणि मी त्याच फ्रेमखालून रोज त्यांचा डबा घेऊन जाणार. मी जळत होतो. सख्ख्या बहिणीवर.

"अगं, स्क्रीनच लहान आहे," मी म्हणालो. "आता त्याला काय करणार?"

"काहीतरी असेल ना रे. तुला सगळं माहीत असतं."

"नाही गं. मला नाही माहीत. सरांना सांग."

फोन कट झाला. मी एंटर दाबला. नवरी धबधब्यासमोर पक्की बसली.

संध्याकाळी ती आली तेव्हा आम्ही तिघंही घरात होतो. चपला काढल्या, बॅग खाली ठेवली, पाणी प्यायली. बाबांनी विचारलं, "कसा गेला पेपर?"

"अक्षरांचा वर्ग गेला, बाबा," ती म्हणाली. "काम झालं होतं. पण फाइल तीन मिनिटं उशिरा पोचली. उशिरा आलेली धरत नाहीत. मला खोक्यांच्या डिझाइनला टाकतील. साबणाची, बिस्किटांची खोकी."

आई कपाळाला हात लावून खाली बसली. "असं कसं गं? तीन मिनिटांसाठी?"

"स्क्रीन लहान पडली."

बाबांनी खाली ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. "माझ्यामुळे झालं हे. मी त्या दिवशी टेप काढून तमाशा केला नसता तर गुणवंत, तू तिथेच पंधराचा घेतला असतास. माझ्या अडाणीपणापायी पोरीचं वाटोळं झालं." आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मी तिथेच होतो. दोन हातांवर. नाही बाबा, तुमच्यामुळे नाही, एवढं बोलायला काय लागतं? मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो.

"तुमच्यामुळे नाही, बाबा," नीलम म्हणाली. मग माझ्याकडे वळली. रडलेली नव्हती. "तुम्ही फोनवर म्हणालात ना दादा, सरांना सांग म्हणून? सांगितलं मी. ते दुसऱ्या चार जणांचं बघत होते, सावकाश आले. त्यांनी चौकट बघितली, आणि एक बटण दाबलं. गेली फाइल."

"एका बटणाने?" आई म्हणाली. "कुठलं गं बटण?"

"एंटर."

आई-बाबांना त्यातलं काही कळलं नाही. बाबा म्हणाले, बघा, एवढंसं असतं आणि आपल्याला माहीत नसतं. 'तुम्ही' हा शब्द मी ऐकला होता, पण वाटलं, दमली आहे, जीभ घसरली असेल.

"दादा, तुम्ही जेवलात का?" तिने विचारलं. घसरली नव्हती.

त्याला दहा दिवस होऊन गेले असतील तेव्हाची गोष्ट. राखीपौर्णिमा होती. तोवर तिने मला एकदाही तू म्हटलं नव्हतं. भांडली असती तर बरं झालं असतं. बाबांना सांगितलं असतं, थोबाडीत मारली असती, तरी मी सोसलं असतं. तिने काहीच केलं नाही. दादा, तुमचा टॉवेल. दादा, तुमचा फोन वाजतोय. एकदा आई घरात नाही असं बघून मी म्हणालो, "नीलम, तू मला तू म्हण ना गं." तर म्हणाली, "नको. बरं दिसत नाही." दुकानदाराशी बोलतात तसं, नीट, हसून.

राखीच्या दिवशी पाट मांडला, आईने ताटात निरांजन लावलं. नीलम माझ्यासमोर बसली. टिळा लावला, अक्षता लावल्या.

"हात पुढे करा," ती म्हणाली.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. आईला म्हणाले, "ऐकलंस? करा म्हणते. महिना-दोन महिने कॉलेजात गेली तर थोरल्या भावाचा मान ठेवायला शिकली पोरगी. वर्ग कुठलाही मिळो, शिक्षण वाया जात नाही." आणि मला म्हणाले, "गुणवंता, नशीब काढलंस हो."

मी हात पुढे केला.